दादाच्या गाडीतली शिट्टी

दादाने गाडी घेतली हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. घरच्या ग्रुपवर फोटो आला. दादा, वहिनी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि खाली नातेवाइकांचे जोडलेले हात. मीही हात जोडले. सख्ख्या धाकट्या भावाला एक फोन करायला काय झिजतं हो? पण नाही. आधीच्या दोन गाड्याही मला अशाच फोटोतून कळल्या होत्या, आणि त्या दोन्हींची सिस्टिम त्याने ठाण्याला बसवून घेतली होती. भाऊ भिवंडीजवळ राहनाळच्या नाक्यावर इतकी वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय, स्टिरिओ बसवतोय, आणि हे साहेब ठाण्याच्या काचेच्या दुकानात सोफ्यावर बसून कॉफी पिणार. मी कधी तोंडावर बोललो नाही. बायको घरात बोलायची, तर मी तिलाच गप्प करायचो. म्हणायचो, आपल्या नाक्यावर कंटेनरची गर्दी, त्याला गाडी लावायला जागा मिळत नसेल.

त्यामुळे आठवड्याभराने त्याचा फोन आला तेव्हा मी चाटच पडलो. गाडी सेकंडहँड होती, पण मोठी, वरचं मॉडेल. आणि तिच्या एकाही स्पीकरमधून आवाज येत नव्हता.

"ठाण्याला दाखवली," दादा म्हणाला. "ते म्हणतात कंपनीचा अ‍ॅम्प गेलाय, तसा मिळणार नाही, अख्खी सिस्टिम बदला. मग म्हटलं, तुला विचारावं."

म्हणजे ठाण्याला आधी दाखवून झालंच होतं. तरी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फोन ठेवल्यावर मी दुकानातच दोन फेऱ्या मारल्या. पंचावन्न वर्षांचा बाप्या मी, आणि शाळेत बक्षीस मिळणार असल्यासारखा फिरत होतो. मला दादाकडून एकच वाक्य हवं होतं. छान केलंस. बस्स, एवढंच. आयुष्यात एकदा.

का हवं होतं, ते सांगतो. आमच्या बाबांना दोघांना शिकवणं झेपणारं नव्हतं. दादा तेव्हा कॉलेजात होता, मी नुकताच दहावी पास झालो होतो, तीही चांगल्या मार्कांनी. बाबांनी ओटीवर बसून निकाल दिला: मोठ्याचं अर्ध्यावर मोडायचं न्हाय, धाकट्याने कामाला लागायचं. दादा तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी मी कामतघरला कापडाच्या लूमवर लागलो, आणि चौदा वर्षं तिथे उभा राहिलो. दादा पदवीधर झाला, बँकेत लागला, कशेळीचा पूल ओलांडून ठाण्यात राहायला गेला. आता तर रिटायरही झाला. तो आता 'हाय' म्हणत नाही, 'आहे' म्हणतो.

लूमच्या शेडमध्ये जे कधी गेले नाहीत त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. बारा तास धोटा इकडून तिकडे आपटतो, आणि असे वीस-बावीस माग एका पत्र्याखाली. तिथे ओरडून काही उपयोग नसतो. माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. शेडच्या त्या टोकाचा माणूस चहा मागतोय की सुट्टी, हे मी या टोकावरून सांगायचो. पुढे बाहेरही ती सवय राहिली. माणूस बोलायला लागला की माझी नजर त्याच्या तोंडावर जाते. आणि या गावात सगळेच मोठ्याने बोलतात, निम्म्या गावाची हयातच मागावर गेलेली. भिवंडीत कुणी 'काय?' असं दुसऱ्यांदा विचारलं तर त्याला कुणी बहिरा म्हणत नाही. परत सांगतात, अजून मोठ्याने. इथे कान गेलेला माणूस लपवावा लागत नाही, तो आपोआप लपतो.

लूमचा धंदा बसायला लागला तेव्हा मी उस्तादांकडे गेलो. जुन्या भिवंडीतले कोकणी मुसलमान, वडिलांचा व्यापार भावांना देऊन हे गाड्यांच्या वायरिंगमध्ये रमलेले. मी लूमवाला आहे कळल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "लूमवाल्याचा कान कसा चालेल इथं?" मग हातातलं चावीचं घड्याळ काढून माझ्या कानामागे धरलं आणि विचारलं, "ऐकू येतं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या कानाला धरलं. मी पुन्हा हो म्हटलं. ते हसले आणि मला ठेवून घेतलं. ती टिकटिक मला खरंच ऐकू आली होती की नोकरी पाहिजे म्हणून मान हलवली, हे आता मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

उस्तादांचा एक नियम होता. सिस्टिम बसवली की पहिल्यांदा गाणं लावायचं नाही. काचा वर करायच्या, इंजिन चालू करायचं, स्टिरिओ चालू पण आवाज शून्यावर, आणि दोन मिनिटं गप्प बसून ऐकायचं. मधेमधे अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. "गाना तो गधा भी सुन लेता है," ते म्हणायचे. "तू चुप्पी सुन." त्या चुप्पीत बारीक शिट्टी ऐकू आली, आणि इंजिनच्या जोराबरोबर ती चढली-उतरली, तर समजायचं अर्थिंग कच्चं आहे. पत्र्याला जोडलेली तार नीट बसली नाही. मग गाडी द्यायची नाही, सगळं परत खोलायचं. उस्ताद गेले, त्यानंतर मी राहनाळला माझं दुकान टाकलं. शटर भाड्याचं, पण नियम त्यांचा. नाक्यावर माझं नाव होतं ते त्याच्यावर. याच्याकडून केलं की परत उघडावं लागत नाही, असं लोक म्हणायचे. माझ्याकडे दुसरं होतं काय? डिग्री नाही, काचेचं दुकान नाही, कान होते.

माझी बायको रोज चारला थर्मास घेऊन दुकानात यायची. गेली आठ वर्षं, नेमाने. चहा ओतायची आणि जी गाडी तयार असेल तिच्यात पुढच्या सीटवर जाऊन बसायची. मला वाटायचं, बाईला गाड्यांची हौस आहे, आपल्याच्याने घेणं होत नाही, बसू दे बिचारीला दोन मिनिटं. मी चिडवायचो, "बसा राणीसाहेब, कुठे सोडू?" मी इंजिन चालू करायचो, ती डोळे मिटून बसायची. दोन मिनिटांनी म्हणायची, "बरोबर हाय." नाहीतर नाक आक्रसायची: "कायतरी करपल्याचा वास येतंय वो. परत बघा जरा."

मी परत बघायचो. आणि काय सांगू, दर वेळी काहीतरी सापडायचंच. कुठे अर्थचा बोल्ट रंगावर बसलेला, कुठे जोड सैल. घासून, आवळून पुन्हा इंजिन चालू करायचं. "आता?" "आता न्हाय येत." मी सगळ्या नाक्यावर बढाया मारायचो, की हिच्या नाकाला तोड नाही, सरकारने हिला विमानतळावर ठेवायला पाहिजे. पंक्चरवाला, टपरीवाला, गोडाऊनचे वॉचमन, सगळे हसायचे. तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

शनिवारी सकाळी दादा आणि वहिनी गाडी घेऊन आले. दादाने रुमालाने स्टूल पुसलं आणि बसला. मी त्याला समजावून सांगायला लागलो. या मोठ्या गाड्यांमध्ये समोरचा स्टिरिओ नुसता तोंडदेखला असतो, त्यातून निघतो तो अगदी क्षीण आवाज. खरा जोर कंपनीच्या अ‍ॅम्पमध्ये, आणि तो बसवतात सीटखाली नाहीतर डिकीच्या पत्र्यामागे, हात जाणार नाही अशी जागा बघून. समोरून तारा त्याच्यात शिरतात, त्याच्यातून निघून स्पीकरकडे जातात. तो मेला की गाडी मुकी. आता बाजारातल्या स्टिरिओच्या पोटातच अ‍ॅम्प असतो. मग मेलेल्याला मधून काढायचा आणि येणाऱ्या तारा सरळ जाणाऱ्या तारांना जोडायच्या. दादा मान हलवत होता आणि फोन बघत होता. तुझं चालू दे, म्हणाला, आम्ही गावात देवीला जाऊन येतो, जेवण चुलत्याकडे आहे. चुलत्याकडे! माझ्या घरी बायकोने सकाळीच मांदेली आणून ठेवली होती.

बरं. मी कामाला लागलो. अ‍ॅम्प डिकीच्या डाव्या अंगाला निघाला. त्याच्या कपलरला बावीस तारा, रंग एकासारखा एक, आणि कुठली तार कुठल्या दाराची हे सांगणारा कागद माझ्याकडे नाही. मी चारही दारांची पॅनलं खोलली. पेन्सिल सेल घेऊन एकेक जोडी टेकवत गेलो. सेल टेकवला की स्पीकरचा पडदा हलतो. बाहेर आला तर तार सुलटी, आत गेला तर उलटी. पडद्यावर बोट ठेवलं की बोटाला कळतं. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, आजही नाही. एकेक जोड पिळून, सोल्डरचा डाग देऊन, टेप मारून, दुपारी अडीचपर्यंत मी सगळं बांधून काढलं. जेवलोसुद्धा नाही.

एका ठिकाणी मात्र मी माझी रीत मोडली. नवीन स्टिरिओला मी नेहमी वेगळी जाड अर्थ देतो. डॅशबोर्डच्या आत पत्र्याचा रंग खरवडून थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची कडी, बोल्टने आवळतो. दादाच्या गाडीत खरवडायला माझा हात होईना. वाटलं, नवीकोरी दिसतेय गाडी, उगाच ओरखडा कशाला? मी मेल्यावरसुद्धा दादा म्हणेल की धाकट्याने पत्रा खरवडला. कंपनीची अर्थ तिथे होती, साफसुथरी होती, तीच मी ठेवली.

चारला बायको थर्मास घेऊन आली. दादा अजून यायचा होता. ती नेहमीसारखी पुढच्या सीटवर बसली, पण मी राणीसाहेब म्हटलं तेव्हा हसली नाही. काचा वर, इंजिन चालू, आवाज शून्य. मी ड्रायव्हरच्या जागी बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. काही नाही. एकदम स्वच्छ. मला आठवतंय, मी मनात उस्तादांना नमस्कार केला. बायकोकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती, जरा जास्तच वेळ बघत होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि उतरली.

दादा आला. मी गाणं लावलं. वहिनी म्हणाल्या, "अय्या, मागेपण वाजतं!" दादाने मागच्या सीटवर बसून ऐकलं आणि म्हणाला, "हं. वाजतंय." पैसे द्यायला खिशात हात घातला, मी नको म्हणून त्याचा हात धरला, तेव्हा त्याने तो लगेच रिकामाच काढून घेतला. मग गेले. मी शटरपाशी उभा राहून गाडी वळेपर्यंत बघत होतो. वाजतंय म्हणाला, छान म्हणाला नाही. पण म्हटलं, घरी गेल्यावर म्हणेल.

सहा वाजता फोन आला. ते कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते.

"अरे, तुझ्या सिस्टिममधून शिट्टी येतेय."

"कसली शिट्टी?"

"गाणं बंद केलं की येते. गाडी उचलली की चढत जाते. हिचं डोकं उठलं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दादा, मी स्वतः दोन मिनिटं बसून ऐकलंय. माझ्या हातून गेलेल्या गाडीत शिट्टी नसते. बाजूच्या कंटेनरची असेल."

"काचा बंद आहेत रे."

"मग तुमच्या एसीची असेल."

"बरं, बरं," दादा म्हणाला. त्याचं ते 'बरं, बरं' मी लहानपणापासून ओळखतो. लहान मुलाशी वाद नको म्हणून मोठी माणसं म्हणतात, तसं. रात्री जेवण गेलं नाही मला. बायकोला सगळं सांगितलं, दादाला चार शिव्याही घातल्या. ती भांडी घासत होती.

रविवारी सकाळी मी त्याच्या सोसायटीत जाऊन धडकलो. सरळ सरळ सांगतो, मी शिट्टी काढायला गेलो नव्हतो. मी त्याला खोटं पाडायला गेलो होतो. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती. दादा ड्रायव्हरच्या जागी, मी बाजूला, वहिनी मागे. काचा वर केल्या. दादाने इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"ही बघ. आता... आता चढली. ऐकलीस?"

मला काही ऐकू आलं नाही. इंजिनची घरघर होती, ती मला ढुंगणाखाली सीटमधून लागत होती. बाकी काही नाही. मी मागे वळलो. वहिनींनी कानावर हात ठेवला होता, आणि दादाने पाय उचलला तसा त्यांनी हात काढला. पुन्हा दाबला, पुन्हा हात गेला.

"काही नाही," मी म्हटलं. "दोघांचे कान वाजतात. डॉक्टरला दाखवा."

दादाने वहिनीकडे आरशात बघितलं. मला ते दिसलं. मी म्हटलं, काच खाली कर, बाहेरच्या हवेत तरी डोकं ठिकाणावर येईल तुमचं. त्याने काच खाली केली. तेवढ्यात त्यांच्या सोसायटीतल्या एक म्हाताऱ्या बाई भाजीची पिशवी घेऊन बाजूने चालल्या होत्या. त्या थांबल्या, गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, कसली शिट्टी वाजतेय ही? बिघडलं का काही?"

मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. शब्द न् शब्द कळला. दादा म्हणाला, "चहा घेऊन जा." मी उतरलो, दार आपटलं, आणि त्याच्या नाकावर टिच्चून बाहेर पडलो, निदान मला तसं दाखवायचं होतं. रिक्षा पकडली. कशेळीच्या पुलावर बाजूच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला, म्हणजे त्याचा अंगठा बटणावर दाबलेला मला दिसला, तेव्हा मी रिक्षावाल्याला विचारणार होतो की हॉर्न वाजला का रे? नाही विचारलं. कुठल्या तोंडाने विचारणार?

घरी बायको परात पुढ्यात घेऊन वाल सोलत बसली होती. मी चपला न काढता तिच्यासमोर उभा राहिलो.

"दादाच्या गाडीत शिट्टी वाजते."

तिने आधी मान वर केली, तोंड माझ्याकडे केलं, मग बोलली. आठ वर्षं ती असंच बोलत होती, आधी माझ्याकडे तोंड करून. मला वाटायचं, नवऱ्याचा मान ठेवते.

"हाय," ती म्हणाली. "शनिवारीच होती."

"तू ऐकलीस?"

"ऐकली."

"आणि बरोबर हाय म्हणालीस? वास आला नाही तुला?"

तिने हातातला वाल परातीत टाकला. "वास कधीच येत नव्हता वो मला. मला काय कुत्र्याचं नाक हाय? शिट्टी यायची. तुमाला येत नव्हती."

मी खाली बसलो. ती सांगत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. म्हणाली, फ्रिजचं दार उघडं राहिलं की फ्रिज टीं टीं करतो, आणि तुम्ही तिथेच उभे राहून आरामात पाणी पिता. तेव्हा कळलं तिला. त्याच आठवड्यात एक गाडी परत आली होती शिट्टीसाठी, मी गिऱ्हाइकाला हाकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती थर्मास घेऊन यायला लागली.

"मला सांगायचं ना!" मी ओरडलो.

"सांगितलं असतं तर दुकान उघडलं असतं तुमी?"

मी अजून मोठ्याने ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. माझं हसं केलंस, आठ वर्षं मला नाचवलंस, आणि नेमकी सख्ख्या भावाच्या गाडीत गप्प बसलीस. माझं नाव घालवलंस.

"नाव?" ती उठली. एवढी वर्षं संसार केला, पण तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. "तुमचं नाव माझ्या कानावर चाललंय. आणि तुमचे कान कुठं गेले? कामतघरला गेले. कुणाच्या कॉलेजासाठी गेले? म्हटलं, वाजू दे. रोज गाडी चालू केली की वाजू दे त्यांच्या डोक्यात. एक दिवस तरी इचारतील, माझ्या भावाला ही कशी ऐकू आली न्हाय? कधीतरी इचारू दे की त्यांना! चाळीस वर्षांत एकदा!"

मग ती रडली. मी नाही रडलो. मला तिचा एवढा राग आला होता की गळा आवळावासा वाटत होता, आणि तिच्याशिवाय जगात मला कुणी नाही हेही त्याच क्षणी कळत होतं. मी वाल सोलायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही.

आम्ही दोघं त्या फोनची वाट बघत राहिलो. ती उघड, मी आतून. मी तर मनात संवादसुद्धा जुळवून ठेवला होता. दादा विचारेल, अरे, तुला खरंच ऐकू आलं नाही? मी म्हणेन, नाही दादा. तो विचारेल, कधीपासून? मी म्हणेन, लूमपासून. मग तो गप्प होईल. तेवढंच पाहिजे होतं मला. छान केलंस नको, काही नको, तो गप्प झालेला हवा होता.

मंगळवारी फोन आला. मी स्पीकरवर टाकला, बायको जवळ येऊन उभी राहिली.

"अरे, झालं काम," दादा खुशीत होता. "ठाण्याच्या त्या दुकानात नेली. दहा मिनिटांत काढून दिली शिट्टी. काही नव्हतं रे, फक्त अर्थची वायर बारीक होती. तो म्हणाला, आधी अ‍ॅम्प मागे होता म्हणून बारीक चालत होती, आता सगळा लोड समोर आला, जाड पाहिजे."

हे मला ठाऊक होतं. हे मी इतक्या वर्षांत शेकडो गाड्यांना केलं होतं, आणि त्याच्या पत्र्याला ओरखडा नको म्हणून त्याच्याच गाडीला केलं नव्हतं.

"तू उगाच चिडलास त्या दिवशी," दादा म्हणाला. "चालायचंच. वय झालं आता आपलं. बाकी सिस्टिम मात्र, खरं सांगतो, छान केलंस."

मी थांबलो. अजून काहीतरी विचारेल म्हणून थांबलो. फोनमधून वहिनीचं काहीतरी बोलणं आलं, ते मला कळलं नाही, कारण ओठ दिसत नव्हते. मग दादा म्हणाला, "चल, ठेवतो." आणि ठेवला. छान केलंस. पंचावन्न वर्षं थांबलो होतो त्या दोन शब्दांसाठी. आले ते असे आले, पंगत उठल्यावर वाढल्यासारखे. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर उपडा ठेवला.

दुकान मी बंद केलं नाही. बंद करून खायचं काय? बुधवारी एक गाडी आली, तसलीच मोठी, कंपनीचा अ‍ॅम्प मेलेली. मी दिवसभर खपून तारा जोडल्या. समोर पत्रा चांगला खरवडला, पण शिट्टी यावी म्हणून थिंबल मुद्दाम सैल ठेवली. चारला ती आली. चहा ओतला. मी राणीसाहेब म्हटलं नाही, तीही कुठली हौस दाखवल्यासारखी बसली नाही. कामावर आल्यासारखी बसली. मी काचा वर केल्या, इंजिन चालू केलं, आवाज शून्यावर आणला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"हाय?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "हाय."

"मोठी आहे का?"

"न्हाय. बारीक. पन हाय."

मी पाय तसाच दाबून ठेवला. म्हटलं, "कशी वाजते? करून दाखव."

ती लाजली. एवढ्या वयाची बाई, शिट्टी कसली वाजवणार? इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना. मग तिने ओठांचा चंबू केला. गालांत हलकेच खळगे पडले, गळ्याची शीर जराशी ताठ झाली, आणि ती माझ्या डोळ्यांत बघत फुंकत राहिली. तिचा श्वास माझ्या गालाला लागला, चहाचा वास असलेला. मी तिच्या ओठांकडे जीव लावून बघत होतो. इंजिन खाली घरघरत होतं.

"अशी," ती म्हणाली. "कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि पाना घेऊन डॅशबोर्डखाली वाकलो.